चार वनस्पती, एक काढा: काय पाण्यात उतरते आणि काय चोथ्यात राहते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अश्वगंधेचे मूळ, ज्येष्ठमध, हळकुंड आणि तुळशीची वाळलेली पाने, प्रत्येकी १० ग्रॅम, एक लिटर पाण्यात टाकून उघड्या भांड्यात अर्धा तास उकळली. पाणी निम्मे राहिले, रंग गडद आला. त्यातले निम्मे सकाळी आणि निम्मे संध्याकाळी घेता. आता तुम्हाला जाणून घ्यायचे आहे की यात ‘सगळे गुण’ उतरले का, आणखी उकळले तर जास्त उतरतील का, आणि अल्कोहोलमध्ये भिजवले तर याहून जोरदार अर्क मिळेल का.

आधी सरळ उत्तर देतो. ज्येष्ठमधातले मुख्य द्रव्य बहुतांश उतरले. अश्वगंधेचे काही अंशी उतरले. हळदीचे फारच थोडे. तुळशीचा सुगंधी भाग बराचसा वाफेबरोबर उडून गेला. जास्त वेळ उकळून यातले विशेष काही सुधारणार नाही, तुळशीचे मात्र आणखी बिघडेल. आणि जे सर्वांत चांगले उतरले, त्या ज्येष्ठमधाचेच प्रमाण तुमच्या काढ्यात काळजी करण्याइतके आहे. त्याचा हिशेब पुढे मांडतो. बाकी काही वाचले नाही तरी तो जरूर वाचा.

रंगावर विश्वास ठेवू नका. काढ्याला गडद रंग मुख्यतः टॅनिन या तुरट द्रव्यांमुळे आणि तापून तपकिरी झालेल्या साखरांमुळे येतो. हळदीचा पिवळा रंग तर बऱ्याचदा न विरघळता तरंगणाऱ्या कणांचा असतो. काढा दोन तास स्थिर ठेवला की तो तळाशी बसतो. हिरव्या पानांचा अल्कोहोलमधला अर्क गर्द हिरवा दिसतो तो हरितद्रव्यामुळे, आणि आपल्याला हव्या असलेल्या द्रव्याशी त्याचा संबंध असतोच असे नाही. हवे असलेले द्रव्य स्वतःच रंगीत असेल, उदाहरणार्थ हळदीतले कर्क्युमिन किंवा दारुहळदीतले बर्बेरिन, तरच रंगावरून काही कळते.

म्हणून ‘ही वनस्पती कशी काढावी’ या प्रश्नाला नेमके उत्तर देता येत नाही. ‘या वनस्पतीतले कोणते द्रव्य हवे आहे’ हे ठरले की द्रावक (ज्यात द्रव्य विरघळवायचे तो द्रव), तापमान आणि वेळ बहुतेक आपोआप ठरतात. साखरा, बुळबुळीत म्युसिलेज, टॅनिन, फेस आणणारी सॅपोनिन आणि बहुतेक ग्लायकोसाइड, म्हणजे साखर जोडलेली द्रव्ये, पाण्यात जातात. राळ, सुगंधी तेले आणि ज्यांना साखर जोडलेली नाही अशी बरीचशी द्रव्ये अल्कोहोलकडे ओढली जातात. कॅरोटिनसारखी स्निग्ध द्रव्ये तेलात उतरतात. अल्कलॉइडांचे, म्हणजे नायट्रोजन असलेल्या, बहुधा कडू द्रव्यांचे, थोडे वेगळे आहे: वनस्पतीत ती आम्लांशी जोडलेली असतात तोवर पाण्यात बऱ्यापैकी येतात, आणि पाणी किंचित आंबट केले तर आणखी चांगली येतात. अडुळशाच्या पानांच्या काढ्यात लिंबाचे चार थेंब पडले तर त्याचा उपयोग होतो तो यामुळे.

पाणी आणि अल्कोहोल यांचे मिश्रण दोघांपेक्षा जास्त द्रव्ये पकडते, आणि त्याला कारण आहे. वाळलेल्या मुळाच्या पेशी आक्रसलेल्या असतात. पाणी त्यांना फुगवून वाट मोकळी करते, मग अल्कोहोल आत शिरून आपले काम करते. निव्वळ तीव्र अल्कोहोल वाळलेल्या कठीण मुळावर ओतले तर पेशी फुगत नाहीत आणि अर्क कमी येतो. ‘जितके तीव्र तितके चांगले’ हा समज इथेच मोडतो. म्युसिलेज असलेल्या शतावरी किंवा इसबगोलसारख्या वनस्पतींवर तीव्र अल्कोहोल घातले तर उपयोगी भाग दोऱ्यासारखा साका होऊन तळाशी बसतो, आणि आपण तो गाळून टाकून देतो.

आता तुमच्या चार वनस्पती.

ज्येष्ठमधातले ग्लिसरायझिन हे सॅपोनिन आहे आणि गरम पाण्यात छान विरघळते. मूळ ठेचून वीस मिनिटे मंद उकळले की पुरे. काढा थंड करून बाटलीत जोरात हलवला आणि टिकणारा फेस आला तर सॅपोनिन उतरले असे समजायला हरकत नाही. अल्कोहोलची इथे गरज नाही. टिकवण्यासाठी म्हणून २० ते २५ टक्के वापरतात तेवढेच.

अश्वगंधेतले विथानोलाइड पाण्यात कमी आणि पाणीमिश्रित अल्कोहोलमध्ये चांगले विरघळतात. काढ्यात काहीच येत नाही असे नाही, पण पुष्कळ भाग चोथ्यात राहतो. या मुळासाठी मी ६० ते ७० टक्के अल्कोहोल पसंत करतो. अर्क काढायचाच नसेल तर मुळाचे बारीक चूर्ण पोटात घेणे हा साधा मार्ग आहे, कारण चूर्णात मागे काहीच उरत नाही. अर्क काढणे प्रत्येक वेळी गरजेचे असते असे समजू नका.

हळदीचे कर्क्युमिन साध्या पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. हळकुंडात ते साधारण २ ते ५ टक्के असते, आणि अर्धा तास उकळल्यावरही त्यातले बहुतेक चोथ्यात असते. उलट हळदीतले स्टार्च शिजते, काढा घट्ट होतो आणि गाळताना फडके बुजते. मग बाकी तीन वनस्पतींचाही काढा त्या लगद्यात अडकतो. तीव्र अल्कोहोल, ९० टक्क्यांच्या आसपास, हळदीचे कर्क्युमिन झपाट्याने ओढते. स्निग्ध पदार्थात ते थोडेफार जाते. अल्कलीयुक्त पाण्यात ते टिकत नाही, म्हणून ‘रंग चांगला सुटतो’ म्हणून खाण्याचा सोडा टाकू नका. रंग लालसर होतो खरा, पण कर्क्युमिन तुटू लागलेले असते.

तुळशीत दोन वेगळे गट आहेत. युजेनॉलसारखी सुगंधी द्रव्ये वाफेबरोबर निघून जातात. ऊर्ध्वपातनाने, म्हणजे वाफ करून ती थंड करून, तेल काढतात ते नेमके याच गुणावर. तुम्ही झाकण न ठेवता अर्धा तास उकळलेत, म्हणजे नकळत ऊर्ध्वपातनच केलेत, फक्त तेल खोलीच्या हवेत गेले. दुसरा गट फिनॉलिक आम्लांचा, रोझमारिनिक आम्लासारखा. तो पाण्यात येतो. म्हणून तुळस उकळायची नाही. आच बंद केल्यावर पाने घालायची, घट्ट झाकण ठेवायचे आणि १० ते १५ मिनिटांनी गाळायचे. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंबही परत भांड्यात झटकायचे, त्यांत सुगंध असतो. यालाच आपण फांट म्हणतो.

एक गोष्ट तुमच्या बाजूने सांगायला हवी. सॅपोनिन हे साबणासारखे काम करतात, त्यामुळे ज्येष्ठमधाच्या पाण्यात इतर कमी विरघळणारी द्रव्ये साध्या पाण्यापेक्षा थोडी जास्त उतरू शकतात. एकत्र काढ्याला सरसकट चूक म्हणता येत नाही ते यासाठी. पण त्या ‘थोड्या जास्त’वर विसंबून हळदीचा काढा करणे मला पटत नाही. शिवाय एकत्र शिजवताना उलटेही होते: टॅनिन आणि अल्कलॉइड एकमेकांना धरून न विरघळणारा गढूळ साका बनवतात. असा काढा स्थिर ठेवला की औषधी भाग तळाशी जातो, आणि शेवटचा घोट सर्वांत तीव्र होतो. हलवून घ्यावे हे खरे, पण तसे मिश्रण न करणे अधिक बरे.

उष्णतेबद्दल सर्वांसाठी लागू पडेल असा एक नियम नाही, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण हिवतापावरच्या औषधाचे आहे. चिनी संशोधक तू यूयू यांचा गट आर्टेमिसिया अॅन्युआ या वनस्पतीवर काम करत होता. नेहमीच्या गरम पद्धतीने काढलेल्या अर्काचा परिणाम कधी दिसे, कधी नाही. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात ही वनस्पती उकळायला नव्हे तर पाण्यात भिजवून, पिळून तो रस घ्यायला सांगितली होती. त्यावरून उष्णतेने द्रव्य नष्ट होत असावे असे तू यूयू यांनी ताडले आणि सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळणारे ईथर वापरून कमी तापमानात अर्क काढला. तो चालला. १९७२ मध्ये आर्टेमिसिनिन शुद्ध रूपात वेगळे झाले आणि २०१५ मध्ये या कामासाठी तू यूयू यांना नोबेल मिळाले. (ईथर प्रयोगशाळेतच वापरावे, त्याची वाफ दूरच्या ठिणगीनेही पेटते.)

याच्या बरोबर उलट वत्सनाभ. त्यातले अॅकोनिटिन हे जबरदस्त विष आहे आणि दीर्घकाळ उकळल्याने ते तुटून कमी विषारी होते. तिथे उष्णता ही सुरक्षेची पायरी आहे. पण ती पायरी पूर्ण झाली की नाही हे घरी कळण्याचा काहीच मार्ग नाही, म्हणून वत्सनाभ, धोतरा, कण्हेर, गुंज यांचा अर्क घरी काढायचा विचारही करू नये. आले या दोन टोकांच्या मध्ये येते: वाळवताना आणि तापवताना त्यातल्या जिंजरॉलचे काही प्रमाणात शोगाओल होते, म्हणजे ओल्या आल्याचा आणि सुंठीचा अर्क रासायनिक दृष्ट्याच वेगळा. लसणीचे आणखी निराळे. अॅलिसिन अखंड पाकळीत नसतेच. ठेचल्यावर एंझाइममुळे तयार होते. अख्खी पाकळी उकळली तर एंझाइम आधीच मरते. ठेचून दहा मिनिटे तशीच ठेवायची, मग पुढची क्रिया.

आता प्रत्यक्ष कृतीकडे. पहिली पायरी ओळख. एकाच नावाखाली दोन वनस्पती विकल्या जाणे नेहमीचे आहे. ‘ब्राह्मी’ म्हणून कुणी बॅकोपा देतो, कुणी मंडूकपर्णी, आणि दोन्हींतली द्रव्ये वेगळी आहेत. शास्त्रीय नाव आणि वापरलेला भाग दोन्ही माहीत नसतील तर पुढचे सगळे मोजमाप वाया जाते.

वाळवणे हा बहुतेकांचा दुर्लक्षित भाग. सुगंधी पाने सावलीत, हवा खेळती ठेवून, ४० अंशांच्या खाली वाळवावीत. मुळांना ५० ते ६० अंश चालतात, मात्र ती आधी चकत्या करून पसरली पाहिजेत. ताज्या पानांत साधारण ७५ ते ८५ टक्के पाणी असते, म्हणजे एक किलो पानांतून साधारण दीडशे ते अडीचशे ग्रॅम वाळलेला माल हाती येतो. पान चुरगाळल्यावर कुरकुरीत तुटले पाहिजे, देठ वाकता कामा नये, कट्कन मोडला पाहिजे. ओलावा १० ते १२ टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते, आणि काही बुरशींची विषे उकळूनही जात नाहीत. बुरशीचा वास आला तर माल टाकून द्या. धुऊन, ऊन देऊन तो परत चांगला होत नाही.

दळण्यात मध्यम मार्ग धरा. अख्खे मूळ उकळले तर आतला गाभा कोरडाच राहतो. वस्त्रगाळ चूर्ण केले तर ते चिखलासारखे बसते, गाळत नाही, आणि खूप द्रव धरून ठेवते. मुळे आणि साली यांची रवाळ भरड, पाने हाताने चुरलेली, बिया ठेचलेल्या, एवढे पुरते. भरड करायची ती वापरायच्या वेळीच. पृष्ठभाग उघडा पडला की सुगंध उडायला आणि हवेने बिघडायला सुरुवात होते.

काढ्याच्या पाण्याचे प्रमाण परंपरेत चांगले ठरवलेले आहे: मऊ द्रव्याला चौपट, मध्यम द्रव्याला आठपट, कठीण द्रव्याला सोळापट पाणी आणि आटवून चौथा भाग उरवायचा. फांटाला चौपट गरम पाणी, हिमाला सहापट थंड पाणी आणि रात्रभर भिजवण. हे आकडे मुरलेल्या अनुभवातून आलेत आणि सुरुवातीला ते पाळावेत. मी एकच भर घालतो: कठीण मूळ उकळण्याआधी त्याच पाण्यात सहा ते आठ तास भिजवावे. फुगलेले मूळ निम्म्या वेळात अर्क सोडते. उकळी खळखळती नको, बारीक बुडबुडे येत राहतील एवढीच आच पुरे. भांडे स्टीलचे, काचेचे किंवा इनॅमलचे घ्या. हिरडा, बेहडा, आवळा यांसारखी तुरट द्रव्ये लोखंडात शिजवली की टॅनिन लोहाशी जुळून काळे पडते. आंबट द्रव्ये अॅल्युमिनियमला खातात.

आता ज्याकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही तो भाग: चोथ्याने धरून ठेवलेला द्रव. समजा १०० ग्रॅम भरड ५०० मिलि द्रावकात भिजवली आणि हवे असलेले द्रव्य पूर्ण विरघळले. चोथा १५० मिलि धरून बसला तर तुमच्या हाती ३५० मिलि येतो, म्हणजे द्रव्याचा ७० टक्के भाग. उरलेला ३० टक्के चोथ्याबरोबर कचऱ्यात. आता तेच ५०० मिलि दोन हप्त्यांत वापरा. आधी ३०० घाला. १५० बाहेर येईल, द्रव्य ५० टक्के. मग चोथ्यावर उरलेले २०० घाला, पुन्हा मुरू द्या आणि गाळा. २०० बाहेर येईल आणि त्यात आणखी सुमारे २९ टक्के. एकूण ७९. द्रावक तेवढेच, हातात नऊ टक्के जास्त. आणि फक्त गाळण्याऐवजी मजबूत फडक्यात घालून चोथा इतका पिळला की त्यात ८० मिलिच उरले, तर एकाच वेळेत ८४ टक्के येतात. म्हणजे महागडे उपकरण घेण्याआधी चांगला दाब देणारी प्रेस घ्या. दोन हप्ते आणि दाब दोन्ही केले तर घरगुती पातळीवर यापुढे मिळवण्यासारखे फार काही उरत नाही.

अल्कोहोलच्या अर्कासाठी, ज्याला टिंक्चर म्हणतात, वाळलेल्या मालाला १:५ हे चांगले प्रमाण आहे: १०० ग्रॅम माल, ५०० मिलि द्रावक. अश्वगंधेसाठी ६५ टक्क्यांचे द्रावक ९५ टक्के अल्कोहोलपासून करायचे असेल तर ६५ ला ९५ ने भागून ५०० ने गुणा. ३४२ मिलि अल्कोहोल येते. त्यात पाणी घालत ५०० च्या खुणेपर्यंत न्या. पाणी आधी १५८ मिलि मोजून एकदम ओतू नका, कारण दोन्ही मिसळल्यावर आकारमान थोडे घटते. काचेच्या बरणीत भरड आणि द्रावक घालून घट्ट बंद करा, अंधारात दोन ते चार आठवडे ठेवा, रोज एकदा हलवा. हलवले नाही तर चोथ्याभोवतीचा द्रव संपृक्त होतो आणि बाकीचा कोराच राहतो. भरड फुगून वर उघडी पडली तर तेवढीच बुरशीला जागा, म्हणून ती नेहमी बुडालेली असावी.

ताज्या पानांना हा हिशेब लागू होत नाही, कारण पाणी त्यांच्यातच असते. १०० ग्रॅम ताजी तुळस म्हणजे जवळजवळ ८० मिलि पाणी. त्यावर ९५ टक्क्यांचे २०० मिलि अल्कोहोल घातले तर १९० मिलि शुद्ध अल्कोहोल २८० मिलिमध्ये विभागले जाते, म्हणजे ६८ टक्के. ताज्या पानांवर ४० टक्क्यांचे घातले तर ते २८-२९ वर येते. सुगंधी तेले नीट उतरत नाहीत आणि टिकण्याची खात्रीही डळमळीत होते. २० टक्क्यांच्या खाली गेलेला अर्क बिघडतो. मी २५ च्या खाली कधीच ठेवत नाही.

द्रावक पिण्यायोग्य प्रतीचे इथेनॉलच हवे. जखमा पुसायचे स्पिरिट, रंगकामाचे स्पिरिट, आयसोप्रोपिल किंवा मिथेनॉल मिसळलेले काहीही पोटात जाणाऱ्या अर्कात चालत नाही. मिथेनॉलने डोळे आणि जीव दोन्ही जातात, आणि ते आटवून निघेल या भरवशावर राहू नये. इथेनॉल ७८ अंशांना उकळते, पण त्याची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाच पेट घेते. अर्क आटवण्यासाठी गॅसवर, शेगडीवर किंवा साध्या विजेच्या हॉटप्लेटवर ठेवणे म्हणजे आग ओढवून घेणे. ज्यांना अल्कोहोल चालत नाही त्यांच्यासाठी ग्लिसरीन आहे. तयार द्रवात ते ६० टक्क्यांच्या वर ठेवावे लागते, आणि राळ किंवा सुगंधी तेले त्यात फारशी येत नाहीत.

अल्कोहोलच्या अर्कात पाणी घातल्यावर तो दुधाळ होतो, याने पुष्कळ जण घाबरतात. राळ आणि तेले बाहेर पडताहेत एवढाच त्याचा अर्थ. गाळू नका, नाहीतर नेमके तेच निघून जाईल. सलई गुग्गुळासारख्या राळेत हे फार ठळक दिसते: त्यातली बॉस्वेलिक आम्ले पाण्यात येत नाहीत, तीव्र अल्कोहोल लागते.

एकाच वनस्पतीतून पाण्यातले आणि अल्कोहोलमधले दोन्ही गट हवे असतील, तर आधी अल्कोहोलचा अर्क काढा, मग तोच चोथा वाळवून पाण्यात उकळा, काढा आटवा, थंड करा आणि बारीक धारेने अल्कोहोलच्या अर्कात मिसळा. ८० टक्क्यांचे २०० मिलि आणि काढा ३०० मिलि, एकूण ३२ टक्के, टिकण्याइतके. मिसळताना धागे किंवा ढग दिसतील, ते चालते. काढा गरम असताना घालू नका.

तेलात सर्वांत जास्त चुका होतात. ताजी वनस्पती तेलात बुडवली की तिचे पाणी तळाशी जमते, हवा लागत नाही, आम्लता नसते. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूला याहून सोयीची जागा नाही, आणि त्याच्या विषाला वास किंवा चव नसते. तेलात घातलेल्या ताज्या लसणीमुळे अशी विषबाधा झालेली आहे. म्हणून तेलात नेहमी पूर्ण वाळलेला माल, १:५, उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात ५० ते ६० अंशांवर चार ते सहा तास. ताजे द्रव्यच वापरायचे असेल तर परंपरेचा तेलपाक करा: कल्क (वनस्पतीचे ओले वाटण) एक भाग, तेल चार, द्रव सोळा, आणि पाणी पूर्ण आटेपर्यंत मंद आच. कल्काची वात आगीवर धरल्यावर तडतडली तर पाणी उरले आहे.

अर्क उतरला की नाही, हे मोजायचे दोन सोपे मार्ग आहेत. वजन केलेल्या बशीत १० मिलि काढा १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवा. ०.३५ ग्रॅम उरले तर घनभाग ३.५ टक्के. अल्कोहोलचा अर्क असेल तर आधी उघड्या हवेत, ज्योतीपासून आणि ठिणगीपासून दूर, त्यातले अल्कोहोल पूर्ण उडू द्या, मगच भट्टीत ठेवा. दुसरा मार्ग म्हणजे चोथ्यावरून आलेल्या शेवटच्या धुण्याचा हाच आकडा काढणे. तो पहिल्याच्या दहाव्या भागावर आला की पुढे धुण्यात अर्थ नाही. साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर पाण्याच्या काढ्याला चालतो, अल्कोहोलला नाही, कारण अल्कोहोल स्वतःच आकडा बदलते. मात्र घनभागात साखरा आणि स्टार्चही येतात. नेमके द्रव्य किती हे प्रयोगशाळेच्या चाचणीशिवाय कळत नाही. त्यामुळे डब्यावरचे ‘१०:१ अर्क’ हे दहापट ताकद समजू नका. दहा किलो मालातून एक किलो अर्क झाला, एवढेच ते सांगते.

आता तो हिशेब. औषधी प्रतीच्या ज्येष्ठमधात ग्लिसरायझिन किमान ४ टक्के अपेक्षित असते. तुमच्या १० ग्रॅममध्ये ते ४०० मिलिग्रॅम झाले, आणि चोथ्यात राहिलेले वजा केले तरी ३०० च्या वर रोज पोटात जाते. युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीने नियमित सेवनासाठी सुचवलेली मर्यादा दिवसाला १०० मिलिग्रॅम आहे. जास्त दिवस जास्त घेतल्यास शरीरात मीठ-पाणी साठते, पोटॅशियम उतरते, रक्तदाब चढतो. रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड यांचा त्रास असेल किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर हे आणखी लवकर होते. अशीच गोष्ट हिरव्या चहाच्या पानांची: साध्या फांटाने सहसा काही होत नाही, पण त्यातल्या ईजीसीजी या द्रव्याच्या गोळ्या दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक झाल्या तर यकृताला धोका संभवतो असे युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नमूद केले. अर्क जितका चांगला, तितकी मात्रा मोजण्याची जबाबदारी मोठी. अश्वगंधेबाबतही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडवर तिचा परिणाम होतो, आणि गरोदरपणात ती टाळावी. रक्त पातळ करणारे औषध चालू असताना हळदीचा तीव्र अर्क घेऊ नये.

तुमच्या जागी मी चारही वेगळ्या करीन. ज्येष्ठमध २ ग्रॅम, ठेचून, २०० मिलि पाण्यात वीस मिनिटे झाकून मंद उकळायचे. आच बंद करून त्यातच चुरलेली तुळस २ ग्रॅम घालायची, झाकण लावायचे, दहा मिनिटांनी गाळून चोथा पिळायचा. हे दिवसभराचे प्रमाण. सलग आठवडेच्या आठवडे नको. काढा त्याच दिवशी संपवायचा. उरलाच तर फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवसानंतर टाकून द्यायचा. हळद काढ्यातून पूर्ण काढायची आणि चूर्णाच्या रूपात, स्निग्ध पदार्थाबरोबर घ्यायची. अश्वगंधेचे चूर्ण किंवा वर दिलेला ६५ टक्क्यांचा अर्क, पण तो सुरू करण्याआधी चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवून. अर्काच्या गडद काचेच्या बाटलीवर शास्त्रीय नाव, वापरलेला भाग, मालाचे प्रमाण, अल्कोहोलची टक्केवारी आणि भरल्याची तारीख लिहा. ‘१:५, ६५ टक्के’ एवढे जरी लिहिले असेल, तरी प्रत्येक मिलिमागे किती मूळ पोटात गेले हे तुमच्या डॉक्टरांना लगेच काढता येईल: ५ मिलि म्हणजे १ ग्रॅम.